रंगरुटाची पाठ

दफेदारांना कुणी भेटलं की ते आधी त्या माणसाच्या मागे जायचे. समोरचा नमस्काराला हात जोडून उभा, आणि हे त्याला वळसा घालून पाठीशी. दोन खांद्यांच्या मध्ये अंगठा टेकवायचे, कण्यावरून तो हळूहळू कमरेपर्यंत आणायचे, आणि मग पुढे येऊन रामराम घालायचे. गावच्या सरपंचाला त्यांनी हे केलं, एस.टी.च्या कंडक्टरला केलं. माझ्या दवाखान्याच्या दारात पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा मलाही केलं, आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमी उजव्या कुशीवर झोपता आणि काळजी लय करता."

दोन्ही खरं होतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. वाईचा. गुरांचा डॉक्टर म्हणून पहिलीच नेमणूक झाली ती इस्लामपूरच्या पुढे, कृष्णाकाठच्या एका गावात. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं होती ती. नोकरी कच्ची होती, कायम व्हायला अजून दीड वर्ष होतं, आणि तोवर कुणाचीही तक्रार वर जाऊ नये एवढंच माझं रोजचं मागणं होतं. गाय, म्हैस, शेळी यांत मला गती होती. घोड्याला मी कॉलेजात चार वेळा हात लावला असेल. आणि माझ्या नशिबी नेमका घोडा आला.

घोडा आबांचा. आबा म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे बागायतदार. ऊस किती हे त्यांनाही मोजून सांगता आलं नसतं, आणि त्यांचा शब्द तालुक्याच्या कचेरीपर्यंत चालायचा. थोरल्या मुलाचं, विलासचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी पुण्याहून शर्यतीतून काढलेला एक घोडा विकत आणला. तपकिरी रंगाचा, उंच, कपाळावर पांढरा ठिपका. त्याच्या कागदांवर एक लांबलचक इंग्रजी नाव होतं, ते कुणालाच उच्चारता येईना. शर्यती संपल्यावर तो कुठल्याशा तबेल्यात वर्षभर नुसता बांधून ठेवलेला होता.

लग्न वैशाखातलं, आणि आबांच्याच दारात. लग्नाआधी नवरा मुलगा परण्या म्हणून घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघतो, तसा विलास निघाला. घोड्यावर घरातलं जुनं, चांदीच्या फुल्यांचं जड खोगीर होतं. चावडीपाशी घोड्यानं एकदम पाठ आत ओढली, मग धनुष्यासारखी उडवली, आणि विलास बाशिंगासकट दगडी पायरीवर पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं. मुहूर्त टळू नये म्हणून हात गळ्यात बांधूनच अक्षता पडल्या. मी त्या लग्नाला होतो. अक्षता टाकताना माणसं नवऱ्याकडे बघत नव्हती, नवरीकडे बघत होती.

नवरी सातारची, शालन. वडील कचेरीत कारकून. मुलगी मॅट्रिक झालेली, सावळी, शांत. आठ दिवसांनी ती मांडवपरतणीला माहेरी गेली आणि तिला न्यायला इकडून कुणी गेलंच नाही. कुणी भांडलं नाही, कुणी निरोप पाठवला नाही. आबांच्या घरात फक्त एवढंच म्हटलं जायचं की पायगुण दिसला.

या गोष्टीला तीन आठवडे झाले आणि आबांनी मला बोलावलं. हा घोडा माणसाला धोक्याचा आहे असं मी लिहून द्यावं, म्हणजे त्याला गोळी घालता येईल. मी कागद तयार केला, सही तेवढी राहिली होती. कुठल्या कलमाखाली लिहायचं हे मला माहीत नव्हतं, आणि तसं सांगायची भीती वाटत होती. म्हणून मी म्हणालो की शिक्का दवाखान्यात राहिलाय. तो आणायला परत आलो तर दारात दफेदार उभे.

खाकी अर्धी विजार, पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या, डोक्याला गांधी टोपी. वय साठीच्या आसपास. फौजेत घोड्यांच्या खात्यात पंचवीस वर्षं काढून दफेदार म्हणून निवृत्त झालेले. शालनचे ते सख्खे चुलते. सातारहून निघून ते कऱ्हाडपर्यंत एस.टी.नं आणि तिथून पुढे चालत आले होते. शालनचं नावही त्यांनी काढलं नाही. म्हणाले, घोडा बघायचाय.

मी त्यांना गोठ्याकडे घेऊन गेलो. आबा झोपाळ्यावर बसले होते, तेही उठून आले. दफेदार घोड्याच्या बाजूला बराच वेळ नुसते उभे राहिले. मग त्यांनी झूल काढली आणि मानेच्या मुळापासून शेपटीपर्यंत अंगठा चालवला. कमरेच्या अलीकडे अंगठा आला तसा घोडा खाली बसल्यासारखा दबला आणि त्याचे कान मागे गेले. तेव्हा मी ती पाठ नीट पाहिली. जुन्या कौलारू घराचं आढं वर उरावं आणि दोन्ही बाजूंची कौलं खाली सरकावीत, तसा कणा उघडा पडला होता. त्याच्या दोन्ही अंगांना मांस म्हणून नव्हतंच.

"ह्याचं डोस्कं फिरल्यालं न्हाई," दफेदार आबांना म्हणाले. "ह्याची पाठ दुखतीया. जड खोगीर सरळ हाडावर बसलंय. मला दसऱ्यापतुर द्या. दसऱ्याला तुमच्या पोराला ह्याच्यावर बसवून शिव ओलांडून आणतो. न्हाई जमलं तर गोळी घाला, मी हितंच हुबा असंन."

 आबांनी माझ्याकडे पाहून विचारलं की डॉक्टर, तुम्हाला काय वाटतं. मला काहीच वाटत नव्हतं. मी म्हणालो की प्रयत्न करायला हरकत नसावी. आबा म्हणाले, "मग कागद तुमच्यापाशी राहू द्या. पुन्हा कुणाला लागलं तर जबाबदार तुमी."

त्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत मला स्वस्थ झोप लागली नाही, उजव्या कुशीवर किंवा डाव्या.

दफेदारांनी मुक्काम गोठ्याशेजारच्या पेंडीच्या खोलीत टाकला. घोड्याला ते रंगरूट म्हणू लागले. फौजेत नव्यानं भरती झालेल्या पोराला म्हणतात तो शब्द. त्यांचं म्हणणं असं की ह्याला पळता येतंय, चालता येत नाही. जन्मभर मान वर करून धावला, पाठीचा उपयोग कधी केलाच नाही. आता पहिल्यापासून शिकवायचं.

पहिले दोन महिने पाठीवर काही ठेवायचं नाही, फडकंसुद्धा नाही. तोंडाला बांधायचा चंदीचा तोबरा त्यांनी बंद केला. दाणावैरण सगळं जमिनीवर, म्हणजे खायला मान खाली जाते आणि पाठ ताणली जाते. रोज सकाळी पोटाच्या मध्यावर, खोगिराचा पट्टा म्हणजे तंग बसतो त्याच्या जरा मागे, ते बोटांनी हळूच खाजवायचे. घोडा पोट आत ओढायचा आणि पाठ मांजरासारखी वर यायची. असं वीस वेळा. मग हातात दोर धरून माळाच्या चढावर न्यायचे, स्वतः घोड्याकडे तोंड करून उलटे चालत. वर पोचले की घोड्याला उलटा चालवायचे, चार पावलं, मग सहा. उतरताना वाटेत बाभळीचे ओंडके आडवे टाकलेले असत, ते ओलांडून यायचं, सावकाश, एकेक पाय उचलून. नदीला पाणी कमी होतं तोवर गुडघाभर पाण्यातून फेऱ्या. आणि हे सगळं करताना तोंडानं फौजी हिंदीत मोजणं चालू, एक, दो, एक, दो.

शाबास हा शब्द त्यांना चालत नसे. शाबास म्हटलं की जनावर मान वर करतं, असं त्यांचं मत. घोड्यानं चांगलं काम केलं की ते गप्प होत, मोजणंही थांबवत. हळूहळू घोड्याला ते समजू लागलं असावं, कारण शांतता झाली की तो मान आणखी खाली सोडून लांब सुस्कारा टाकायचा.

मी घाबरून घरी पुस्तक काढलं. पाठीवरच्या त्या लांब स्नायूचं लॅटिन नाव शोधलं आणि दफेदारांना जाऊन सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाव काय बी असू द्या. ते झोपलंय. त्येला उठवायचं हाय. आणि पाठ वरनं लादून येत न्हाई डॉक्टर, खालनं पोटानं उचलावी लागती."

दर अमावास्येला आणि पौर्णिमेला ते एक मऊ तार घोड्याच्या पाठीवर आडवी दाबून तिला पाठीचा आकार द्यायचे आणि सिमेंटच्या रिकाम्या पिशवीच्या कागदावर ती ठेवून कोळशानं रेघ मारायचे. पहिली रेघ तंबूच्या टोकासारखी होती. मी ती बघून हताश झालो. तिसऱ्या रेघेत टोक जरा बोथट झालं. मला वाटलं नजरेचा भ्रम असेल. मी सायकलवरून रोज दोन फेऱ्या मारून घोडा बघायला लागलो. दवाखान्यात म्हैस अडलेली असायची आणि माझं चित्त त्या रेघेपाशी.

विलासचं हाड दरम्यान जुळलं. तो नदीवर यायला लागला. आधी लांब, चिंचेखाली उभा राहायचा. इस्लामपुरात दोन वर्षं कॉलेज करून सोडलेला, सभ्य, बापापुढे तोंड न उघडणारा मुलगा. एका दुपारी दफेदार चालत चालत त्याच्यापाशी गेले, त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि एक शब्द न बोलता घोड्याचा दोर त्याच्या हातात दिला. विलास घाबरला होता, पण दोर त्यानं सोडला नाही. तेव्हापासून रोज एक फेरी त्याची झाली. मला एकट्याला गाठून तो एकदा विचारत होता की दफेदारांना सातारहून पत्रं येतात का, आणि त्यांत काय असतं. मी म्हणालो, तूच लिही की. तो म्हणाला, आबांना कळलं तर. यावर मी काय बोलणार. मलाही आबांना कळलं तर हाच प्रश्न दिवसातून दहा वेळा पडायचा.

आषाढात बेंदूर आला. गावात बैल रंगवले, शिंगांना गोंडे बांधले. आबांनी सांगून ठेवलं होतं की बैलांच्या पुढे घोडाही मिरवायचा. दफेदारांनी नाही म्हणून सांगितलं आणि ते जवस आणायला इस्लामपूरला गेले. तेवढ्यात आबांच्या माणसांनी घोड्यावर तेच चांदीचं खोगीर चढवलं, तंग आवळला आणि वेशीपर्यंत नेऊन आणला. वर कुणी बसलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर कण्याच्या दोन्ही बाजूंना हाताएवढी सूज, आणि हात लावू जावं तर घोडा दात दाखवत होता.

दफेदार मिठाच्या पाण्यात धोतराचं फडकं बुडवून पाठीवर ठेवत होते. रागावलेले दिसत नव्हते. मी मात्र दिवस मोजले. दसऱ्याला तीन महिनेही नव्हते, आणि सगळं पुन्हा पहिल्या दिवसापासून करायचं होतं. मी म्हणालो की आबांना सांगून मुदत वाढवून घेऊ. दफेदार म्हणाले की मुदत वाढवली तर पोरगी आणखी तेवढे दिवस तिकडं राहील. शालनचा उल्लेख त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

मग पाणी पिळता पिळता ते म्हणाले, "लग्नादिवशी सकाळी मी ह्याच्या पाठीवर हात फिरवला व्हता. झुलीखालनं. हाड हाताला लागलं. तंग आवळताना ह्यानं कान मागं पाडलं, ते बी बघितलं. मला समदं कळलं व्हतं, डॉक्टर. पण मी पोरीकडला. पोरीकडच्यानं वरबापाच्या घोड्याला नावं कशी ठेवायची? म्हनून गप बसलो."

त्यांचा हात थांबला नव्हता. फडकं पिळत होते, ठेवत होते.

तेव्हा मला जे सांगावं लागलं ते मी इथंही इतका वेळ टाळलं आहे. त्याच सकाळी, दफेदारांच्या आधी, आबांनी मला घोडा दाखवला होता. पाहुण्यांसमोर. मी दात पाहिले, खूर उचलून पाहिले, नाडी पाहिली. पाठीवर जरीची झूल होती, ती उचलून पाहायचं माझ्या मनातही आलं नाही. "एकदम फिट आहे," असं मी म्हणालो होतो, आणि आबांनी मला पहिल्या पंगतीला बसवलं होतं.

दफेदारांनी फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं. मग म्हणाले, "मंजी मी बघून बोललो न्हाई, आणि तुमी न बघता बोलला."

त्यापुढे त्यांनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून घोड्याची काळजी ही माझ्या नोकरीची काळजी उरली नाही.

सूज उतरायला बारा दिवस गेले. पुन्हा मान खाली, पुन्हा पोटाला बोटं, पुन्हा चढ. नदी भरली, माळ निसरडा झाला, एकदा घोडा ओंडक्यावरून घसरला, पण तो उठून आपला आपण उभा राहिला. श्रावण सरता सरता दफेदारांनी इस्लामपूरच्या एका जिनगराकडून वेगळं, हलकं खोगीर दुरुस्त करून घेतलं. गाद्या उसवून पुन्हा भरल्या, मधोमध कण्यावर दोन बोटं मोकळी जागा ठेवली. ते बसतं का हे बघायला त्यांनी घोड्याच्या पाठीला ओला गेरू फासला, वर खोगीर ठेवलं आणि उचलून बघितलं. गाद्यांना दोन्हीकडे सारखा लाल रंग, मधली पट्टी कोरी. एवढं झाल्यावर वाळूची लहान पिशवी, मग मोठी, मग दोन. भाद्रपदात कण्याच्या दोन्ही बाजूंना मांसाची एकेक गादी उठलेली मला हाताला लागली. घट्ट नव्हे, मऊ आणि जिवंत. मी चाचपून बघत होतो आणि घोडा डोळे मिटून उभा होता.

घटस्थापनेनंतर विलास पहिल्यांदा वर बसला. माळावर, कुणी नसताना, दहा पावलं. मग रोज दहा पावलं जास्त.

दसऱ्याला अख्खा गाव शिवेकडे निघाला. हलग्या, कैताळ, तुताऱ्या. दफेदारांनी वाद्यं मागे ठेवायला सांगितली होती, पण उत्साहात कुणी ऐकेना. विलासचा चेहरा पांढरा पडला होता. मी घोड्याच्या डाव्या अंगाला चालत होतो आणि माझी नजर फक्त कानांवर होती. आपट्याच्या झाडापाशी, नेमक्या शिवेच्या बांधाच्या अलीकडे, घोडा थांबला. कान मागे गेले. हलगीवाला वाजवायचा थांबला. मागे आबा उभे होते, त्यांच्यामागे सगळा गाव. विलासनं लगाम ओढायला हात उचलला तसे दफेदार हळूच म्हणाले, "ढिला सोड."

विलासनं हात सैल सोडले. घोड्यानं मान खाली घातली, आणखी खाली, गवतापर्यंत. नाकपुड्यांतून फुर्र केलं. मग एक पाय उचलून बांध ओलांडला, आणि दुसरा. पलीकडे जाऊन सोनं लुटलं, तसाच परत आला. वाड्याच्या दारात विलास उतरला आणि त्यानं घोड्याच्या गळ्यात हात टाकला. दफेदारांनी खोगीर काढलं, पाठीवरून अंगठा नेला. घोडा हलला नाही.

आबा एवढंच म्हणाले, "मंजी खोगीरच खराब हुतं म्हनायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप सातारला निघाली. आबांनी विलासला पाठवलं नाही, रीत नव्हती. विलासची आत्या निघाली, सुनेला न्यायला. दफेदार होते. आणि घोड्याला दुखणं होतं, अवलक्षण नव्हतं, हे व्याह्यांना समजावून सांगायला मला घेतलं. वाटेत आत्याबाई खुशीत होत्या. दफेदार मागच्या बाकावर बसून होते.

शालनच्या घरी आमचं आगतस्वागत झालं. तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. शालन आली, नमस्कार केला, दाराशी उभी राहिली. या पाच महिन्यांत ती वाळली होती. आत्याबाईंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या की झालं गेलं विसर, घोडा कसा गरीब झाला बघ, विलास बसून शिव ओलांडून आला, आता तुझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही. मग मला खूण केली. मी घसा साफ करून स्नायू, खोगीर, दाब असं काहीतरी सांगितलं.

शालननं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "आत्याबाई, घोड्याची पाठ बरी झाली म्हणून तुम्ही मला न्यायला आलात. बरी झाली नसती तर?"

 तिच्या वडिलांनी मान खाली घातली. मी जमिनीकडे बघत होतो. तेवढ्यात दफेदार उठून तिच्यासमोर गेले. तिच्या मागे गेले नाहीत, समोर उभे राहिले.

"पोरी, मला त्याच दिवशी ठावं व्हतं," ते म्हणाले. "घोड्याची पाठ दुखत व्हती. मी हात लावून बघितली व्हती."

तिला समजायला क्षणभर लागला. "परण्या निघायच्या आधी?"

"व्हय."

"आणि बोलला नाहीत, नाना?"

"न्हाई."

"तेव्हा बोलला असता तर हे काहीच झालं नसतं."

"व्हय," दफेदार म्हणाले.  आपली अडचण काय होती, मुलीची बाजू, मानपान, त्यातलं काहीही त्यांनी तिला सांगितलं नाही. नुसते उभे राहिले. मग त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. आधी मी घोडा पाहिला होता, मी त्याला फिट म्हटलं होतं. पण आत्याबाई शेजारी बसल्या होत्या, त्यांच्याकडून ते संध्याकाळी आबांच्या कानी गेलं असतं, आणि नोकरी कायम व्हायला अजून वर्ष होतं. दफेदारांनी नजर काढून घेतली.

शालन आली नाही. दफेदारही तिथंच राहिले, आणि जीप तिच्याविना परतली.

गावात पोचलो तेव्हा विलास वेशीवर उभा होता. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं की ती काय म्हणाली. निदान एवढं तरी मी नीट केलं, तिचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. 

आबा भडकले. सुनेचा ताठा त्यांना सहन झाला नाही. त्यांनी सातारला निरोप धाडला की तो घोडाही घेऊन जा. दफेदार चार दिवसांनी आले, घोड्याला दोर लावला आणि पेठ नाक्याच्या बाजूनं चालत निघाले. वर बसले नाहीत. विलास त्यांच्याबरोबर नाक्यापर्यंत गेला आणि तिथून सातारच्या एस.टी.त बसला. दिवाळीला अजून पंधरा दिवस होते. घरी त्यानं काही सांगितलं नव्हतं.

पुढचं मला दफेदारांच्या पोस्टकार्डावरून कळलं. त्यांची कार्डं रिपोर्टसारखी असत. जावई दाखल. तीन दिवस घोड्याजवळ मुक्काम. पोरगी बाहेर आली नाही. चौथ्या दिवशी बाहेर आली. जावई म्हणाले, पाठ बरी झाली नसती तरी मी यायला पाहिजे होतं, आलो नाही, चूक माझी. पोरीनं जेवायला वाढलं. दोघं माधवनगरला चालली, तिथं गिरणीत कारकुनाची जागा मिळतेय. पोरगी माझ्या पाया पडली, बोलली नाही. तिचं बरोबर हाय.

पुढं दोन वर्षं ती त्यांच्याशी बोलली नाही. तिला मुलगी झाली तेव्हा तिनं त्यांना बारशाला बोलावणं पाठवलं. दफेदार सातारहून माधवनगरला चालत गेले. तिथं त्यांच्यात काय बोलणं झालं ते कार्डात नव्हतं. एवढंच होतं की सहा दिवस राहिलो.

माझी बदली आबांनी त्याच रागात आटपाडीला करवली. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते काही वाईट नव्हतं. माणसं चांगली होती आणि गुरं काटक. नोकरीही कायम झाली. दफेदारांची कार्डं तिथंही येत राहिली. रंगरुटाला आता माळावर मोकळा सोडतो. रंगरुटाची पाठ भरली, दोन्ही बाजूंना सारखी. रंगरूट म्हातारा दिसू लागला. प्रत्येक कार्डाच्या शेवटी, सहीच्या वर, एक ओळ असायची, "तुमचं काय ते तुमी बघा." दुसऱ्या कुणी ते कार्ड वाचलं असतं तर त्याला अर्थ लागला नसता. मला ती ओळ आली की दोन दिवस जेवण जात नसे. मग एका पावसाळ्यात कार्ड आलं नाही, आणि महिन्यानं विलासचं पत्र आलं की नाना गेले, झोपेत.

पुढे मी सांगलीला आलो. माधवनगर तिथून जवळ. शालन आणि विलासकडे माझं जाणंयेणं आहे. ती मला भाऊ म्हणते, भाऊबीजेला ओवाळते. दफेदारांचा विषय निघाला की म्हणते, नाना शेवटी खरं बोलले, सगळ्यांसमोर बोलले, म्हणून मला त्यांचा राग फार दिवस धरता आला नाही. विलास मान हलवतो. मी बशीतला चिवडा पुढे ओढतो.

ओवाळून झालं की ती ताट खाली ठेवते आणि क्षणभर माझ्यासमोर उभी राहते. घरात दुसरं कुणी बोलत नसतं. वाक्य अजून तेवढंच आहे, एका दमात होण्यासारखं.

मी अजून सांगितलेलं नाही.